सुरुंग काढणारे जहाज 'बंगाल'

सुरुंग म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे विहीर येते. खाली काळा पाषाण लागला, सब्बल चालेना, की आपण सुरुंग लावतो. खडकात भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवायची आणि सर्वांनी दूर पळायचे. धडाका होतो, दगड उडतो, नशिबात असेल तर पाणी लागते. हा सुरुंग आपल्या कामाचा. तो आपण लावतो, आपणच उडवतो, आणि तो कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असते.

समुद्रातला सुरुंग असा नसतो. तो शत्रूने लावलेला असतो. तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. त्याची वात कोणी पेटवत नाही. ज्याचा घात व्हायचा तोच येऊन त्याला धक्का देतो. याला पाणसुरुंग म्हणतात.

मंगरूळपीरहून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या वर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेला नाही. शाळेत भूगोल शिकवताना आम्ही फळ्यावर समुद्र निळ्या खडूने रंगवत असू, आणि पोरे विचारत, "सर, तिकडं पल्याड काय असते?" पण समुद्राचा आणि आपला संबंध जुना आहे. वऱ्हाडचा कापूस आगबोटीत बसूनच विलायतेला जात असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानने ब्रह्मदेश घेतला. तिकडून येणारा तांदूळ थांबला, राकेल थांबले. मग खेड्यापाड्यांत दिवे लवकर विझू लागले. राकेलच्या त्या टंचाईच्या गोष्टी आम्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या आहेत. समुद्राची वाट बंद झाली, तर इतक्या लांब आपल्या घरातही अंधार होतो. ही वाट मोकळी ठेवणारी जी लहान जहाजे होती, त्यांपैकी एकाची हकीगत आज सांगतो. त्याचे नाव 'बंगाल'.

आधी पाणसुरुंग कसा असतो ते पाहू.

जुन्या चालीचा पाणसुरुंग म्हणजे लोखंडाचा मोठा पोकळ गोळा. आत स्फोटक दारू भरलेली. पोकळ असल्यामुळे तो पाण्यात तरंगू पाहतो. पण खाली समुद्राच्या तळाशी एक जड वजन असते आणि त्या वजनाला तो तारेच्या दोराने बांधलेला असतो. दावणीला बांधलेले जनावर जसे दाव्याच्या बाहेर जात नाही, तसा हा गोळा दोराइतकाच वर येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली थोडा दडून राहतो. वरून पाहणाऱ्याला नुसते निळे पाणी दिसते.

गोळ्याच्या अंगाला शिंगे असतात. शिंग शिसे नावाच्या मऊ धातूचे. त्याच्या आत काचेची नळी आणि नळीत तेजाब. जहाजाचे बूड शिंगावर आपटले, की शिंग वाकते आणि आतली काच बांगडीसारखी फुटते. तेजाब खाली उतरते. त्याने बॅटरी चालू होते, वीज निर्माण होते आणि दारू भडकते. जहाजाच्या पोटाला भगदाड पडते. हे सारे एका क्षणात होते. माणसांना 'काय झाले?' असे विचारायलाही सवड मिळत नाही.

हे फक्त परमुलखातच घडले, असे समजू नका. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे 'वोल्फ' नावाचे जहाज व्यापारी जहाजाचे सोंग घेऊन हिंदी महासागरात शिरले. १९१७ च्या फेब्रुवारी महिन्यात त्याने मुंबईच्या समोरच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले आणि ते निघून गेले. पुढे चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, 'मंगोलिया' नावाची मोठी उतारूंची आगबोट मुंबईकडे येत होती. मुंबईच्या दक्षिणेला, कोकणच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ती यांतल्याच एका सुरुंगावर गेली आणि बुडाली. पेरणारा फेब्रुवारीतच निघून गेला होता, पीक मात्र जूनमध्ये आले. पाणसुरुंगाची खोड हीच आहे. पेरणाऱ्याला पुन्हा तिथे यावे लागत नाही. तह झाला, लढाई थांबली, तरी पाण्यातल्या गोळ्याला ते कळत नाही.

मग हे सुरुंग काढायचे कसे? त्यासाठी खास जहाजे असतात. ती लहान असतात आणि पाण्यात फार खोल बुडत नाहीत. म्हणजे खालच्या सुरुंगावरून ती बहुधा सुखरूप निघून जातात. बहुधा म्हणतो, कारण भरती-ओहोटीने पाणी कमीजास्त होते आणि कधी हिशेब चुकतो.

असे जहाज आपल्या मागे पोलादी तारेचा लांब दोर सोडते. दोराच्या टोकाला वर एक तरंगता पिपा असतो. तो दिसत राहतो, म्हणून दोर कुठवर गेला ते कळते. दोराला फळ्यांची एक चौकट लावलेली असते. पतंग वाऱ्यावर जसा एका बाजूला ओढतो, तशी ही चौकट पाण्यात दोराला बाजूला ओढते. त्यामुळे दोर जहाजाच्या सरळ मागे न राहता तिरपा पसरतो. दुसरी एक चौकट त्याला ठरलेल्या खोलीवर दाबून धरते. असा तो दोर पाण्याखालून सरकत जातो. वाटेत सुरुंगाचे दावे आले, की ते दोरावरून घसरत जाते आणि दोराला लावलेल्या कातरीत सापडते. कातर ते दावे कापते. दावे तुटले, की गोळा भसकन वर येतो. मग जहाजावरचे लोक लांबून बंदुकीच्या गोळ्या मारून त्याला फोडतात किंवा बुडवतात.

शेतात वखराची पाळी घालताना आपण काय करतो? एक तास झाले, की त्याला लागून दुसरे. मध्ये पट्टी सुटली तर तण राहते. ही जहाजेही तशीच चालतात. एकामागे एक, पण थोडी बाजूला सरून, म्हणजे पहिल्याने साफ केलेल्या पट्टीतून दुसरे चालते. सर्वांत पुढच्या जहाजाला मात्र साफ पट्टी नसते. त्याला कोऱ्या पाण्यातूनच जावे लागते. शेतात पट्टी सुटली तर हराळी वाढेल, दुसरे काय? इथे पट्टी सुटली तर मागून येणाऱ्या जहाजातली शेकडो माणसे जातील. म्हणून हे काम फार सावकाश, फार चिकाटीने करावे लागते. त्यात शौर्य आहे, पण ते दिसत नाही. सबंध दिवस दोर ओढला आणि एकही सुरुंग सापडला नाही, तरी ते काम झालेच म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आणखी एक युक्ती काढली. धक्का लागायचीही गरज नाही असा सुरुंग. जहाज लोखंडाचे असते आणि लोखंडात थोडे लोहचुंबकाचे गुण येतात. असे जहाज नुसते वरून गेले, तरी तळावरचा सुरुंग ते ओळखतो आणि फुटतो. त्यावर उपाय म्हणून जहाजांच्या भोवती विजेच्या तारा गुंडाळून तो गुण मारण्यात येऊ लागला. पुढे सुरुंग काढणारी पुष्कळ जहाजे लाकडाची बांधू लागले, त्याचेही कारण हेच. हा विषय मोठा आहे, तो इथे पुरे.

आता 'बंगाल'कडे येऊ.

त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. आरमारही त्यांचेच. त्याचे नाव 'रॉयल इंडियन नेव्ही'. वरचे अधिकारी बहुतेक इंग्रज, खलाशी हिंदी. युद्धापूर्वी या आरमारात रत्नागिरीकडचे आणि पंजाबचे लोक फार. कोकणातली मुले लहानपणापासून पाण्यात वाढलेली, त्यांना समुद्राचे भय नसे. युद्ध सुरू झाल्यावर देशाच्या सर्व भागांतून भरती झाली. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, अशीही पोरे गेली. कोणी पोटासाठी गेला, कोणी हौसेने.

आरमाराला जहाजे कमी पडत होती. ऑस्ट्रेलियात एकाच नमुन्याची सुरुंग काढणारी साठ जहाजे बांधण्यात आली. त्यांतली चार हिंदुस्थानच्या आरमारासाठी होती. त्यांना नावे दिली 'पंजाब', 'बंगाल', 'मद्रास' आणि 'बॉम्बे'.

'बंगाल' सिडनी शहराच्या बंदरातल्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत बांधले. २८ मे १९४२ रोजी ते पाण्यात उतरवले. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३१ मेच्या रात्री, जपानच्या तीन छोट्या पाणबुड्या त्याच बंदरात शिरल्या. पाणबुडी म्हणजे पाण्याखालून चालणारी बोट. त्यांच्या माऱ्यात खलाशी झोपलेली एक जुनी बोट बुडाली आणि २१ खलाशी ठार झाले. त्या रात्री 'बॉम्बे' जहाज बंदरातच उभे होते. 'बंगाल'चे तर अजून कामही पुरे झालेले नव्हते. या जहाजाच्या कपाळी लढाई जन्मापासूनच लिहिलेली होती म्हणायची.

८ ऑगस्ट १९४२ रोजी 'बंगाल' आरमारात दाखल झाले. लांबी १८६ फूट. एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी होईल तेवढी. वजन सुमारे ६५० टन. वेग ताशी २८ किलोमीटरांच्या आसपास. कप्तान विल्यम जोसेफ विल्सन नावाचे गृहस्थ होते. जहाजावर मोठी म्हणावी अशी तोफ एकच, आणि तीही तीन इंची. तिचा गोळा साडेपाच किलोचा. आणखी काही लहान तोफा विमानांवर मारा करण्यासाठी होत्या. सुरुंग काढणाऱ्याला यापेक्षा जास्त कशाला लागते? पण लढाईच्या दिवसांत ज्याच्यासाठी नेमले तेवढेच काम कोणाच्या वाट्याला येत नाही. मोठी जहाजे दुसरीकडे गुंतलेली. त्यामुळे या लहानग्यांनाच व्यापारी जहाजांची राखण करायला धाडत.

५ नोव्हेंबर १९४२ रोजी 'बंगाल' ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून निघाले. त्याच्या सोबत 'ओंडिना' नावाचे हॉलंडचे तेलवाहू जहाज होते. त्याला दिएगो गार्सिया बेटापर्यंत पोचवायचे होते. तिथून ते इराणातल्या आबादानला जाणार होते. तिथे तेल साफ करण्याचा मोठा कारखाना होता. त्या काळी तेलवाहू जहाजाची किंमत सोन्यासारखी. जहाजे, विमाने, मोटारी, सारे तेलावर चालते. तेल नाही तर लढाई नाही. 'ओंडिना'वर हॉलंडचे अधिकारी होते, चिनी खलाशी होते, आणि मागच्या बाजूला एक चार इंची तोफ होती.

सहा दिवस ठीक गेले. ११ नोव्हेंबरला, दुपार व्हायच्या सुमाराला, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला समोर एक जहाज दिसले. थोड्या वेळाने दुसरे. ती जपानची 'होकोकू मारू' आणि 'ऐकोकू मारू' होती. मुळात ती उतारू आणि माल नेणारी मोठी, वेगवान जहाजे. युद्धात त्यांवर तोफा चढवून त्यांना वाटमारीच्या कामाला लावले होते. त्याच वर्षी त्यांनी या महासागरात दोन जहाजे पकडली होती आणि एक बुडवले होते. प्रत्येकाचे आकारमान सुमारे १०,४०० टन. तोफा साडेपाच-सहा इंची, एकेका जहाजावर अनेक. एकेक गोळा चाळीस किलोच्या आसपास. वेग ताशी चाळीस किलोमीटरांच्या जवळपास.

आता हिशेब करा. एका बाजूला 'बंगाल', एक लहान तोफ. दुसऱ्या बाजूला त्याच्या सोळापट मोठी अशी दोन जहाजे. पळून जावे तर वेगही शत्रूचाच जास्त. 'ओंडिना' तर 'बंगाल'पेक्षाही हळू.

विल्सन यांनी 'ओंडिना'ला खूण केली, तुम्ही आपली वाट धरा. आणि 'बंगाल'चे तोंड फिरवले. मागे नव्हे, पुढे. पूर्ण वेगाने ते सरळ 'होकोकू मारू'च्या अंगावर निघाले. यात नुसते धाडस नव्हते, विचार होता. लहान तोफेचा गोळा लांबून लागला तर मोठ्या जहाजाला काय होणार? जवळ जाणे भाग होते. आणि शत्रू आपल्यावर मारा करीत राहील तेवढा वेळ तेलाचे जहाज दूर सरकेल.

पण 'ओंडिना'चा कप्तान होर्समान हाही पळणारा नव्हता. आपण पळूनही सुटत नाही, हे त्याने ओळखले. त्याच्याही तोफेचा मारा सुरू झाला. दोन्ही जहाजे, एक हिंदी आणि एक डच, एकाच शत्रूवर गोळे टाकू लागली. थोड्याच वेळात एक गोळा 'होकोकू मारू'वर नेमक्या जागी बसला. जहाजावर ठेवलेले पाणतीर होते, त्या बाजूला मोठा भडका उडाला. पाणतीर म्हणजे पाण्यातून चालत जाऊन फुटणारा बाण. आग पसरत दारूच्या कोठारापर्यंत गेली. स्फोट झाला आणि सुमारे तासाभरात ते अवाढव्य जहाज समुद्रात गडप झाले. त्याच्या कप्तानासह ७६ माणसे मेली.

तो गोळा कोणाचा? यावर वाद आहे. आपल्या आरमाराच्या इतिहासात मान 'बंगाल'ला दिलेला आहे. हॉलंड-ऑस्ट्रेलियाकडचे लेखक म्हणतात, तो 'ओंडिना'च्या तोफेचा. 'ओंडिना'ची तोफ मोठी होती, म्हणून त्यांचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नाही. आम्हाला विचाराल तर 'बंगाल' अंगावर गेले नसते, तर 'ओंडिना'च्या गोलंदाजांना नेम धरायला तेवढी उसंत मिळाली नसती. गावात एका मोटेवर दोघे राबतात, मग पाणी कोणाच्या बैलाने काढले, असे भांडण करावे का?

पण लढाई संपली नव्हती. दुसरे जहाज, 'ऐकोकू मारू', शाबूत होते. 'बंगाल'ला पुढे आणि मागे गोळे लागले होते. त्याची दारूगोळ्याची शिल्लक संपत आली होती. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडला आणि त्याच्या आडून जहाज बाहेर काढले. 'ओंडिना'ला गोळे बसताना त्यांनी पाहिले होते. ते जहाज गेलेच, असा त्यांचा समज झाला. हातात गोळे नसता परत फिरून काय साधणार होते? तरीही सोबत्याला मागे टाकून जाणे कोणाला सोपे नसते. 'बंगाल' दिएगो गार्सियाला पोचले तेव्हा त्यांनी 'ओंडिना' बुडाल्याचीच खबर दिली. नवल हे, की इतके गोळे अंगावर घेऊन 'बंगाल'वरचा एकही माणूस दगावला नाही.

तिकडे 'ओंडिना'चे गोळे संपले. शत्रू जवळ आला. होर्समानने पांढरे निशाण लावून माणसांना होड्यांत उतरण्याचा हुकूम दिला, आणि त्याच गडबडीत गोळ्याचा तुकडा लागून तो ठार झाला. जपानी जहाजाने 'ओंडिना'वर पाणतीर मारले. त्यानंतर होड्यांतल्या निःशस्त्र माणसांवर मशिनगनीच्या गोळ्या झाडल्या. त्यात आणखी काही जण मेले. लढाईतही काही रीत असते. पाण्यात पडलेल्यावर हत्यार चालवू नये, ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत. ती त्या दिवशी मोडली. मग जपानी जहाज आपल्या बुडालेल्या सोबत्याची माणसे उचलून निघून गेले. 'ओंडिना' बुडणारच, असा त्यांचा अंदाज.

ते बुडाले नाही. एका बाजूला कलंडून तरंगत राहिले. होड्यांतले लोक बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. अखेर ते परत वर चढले, आगी विझवल्या, यंत्रे चालू केली आणि जखमी जहाज घेऊन उलट दिशेने निघाले. १८ नोव्हेंबरला 'ओंडिना' पुन्हा फ्रीमँटलला पोचले. ज्या जहाजाला मेलेले समजून खबर धाडली, ते स्वतःच्या पायांनी घरी आले.

कप्तान विल्सन यांना डी. एस. ओ. हे मोठे पदक मिळाले. जहाजावरच्या इतरांनाही शौर्याची पदके मिळाली. तीन महिन्यांचे जहाज, नवखे खलाशी, आणि ही लढाई! जगभर बातमी झाली.

पुढची वर्षे 'बंगाल'ने पुन्हा आपले रोजचे काम केले. जहाजांची राखण, समुद्राची पहारेदारी. या कामाला बातमी नसते. १९४५ साली युद्ध संपले.

आता खलाशांचे पाहा. ज्यांनी राज्यकर्त्यांसाठी जीव धोक्यात घातला, त्यांना किनाऱ्यावर काय मिळाले? खराब अन्न, कमी पगार आणि तोंडावर शिव्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईला 'तलवार' या नाविक केंद्रातल्या खलाशांनी जेवण नाकारले आणि संप पुकारला. बघता बघता तो इतर बंदरांत पसरला. ७८ जहाजे आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शहरात गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्याने खलाशांनी २३ फेब्रुवारीला हत्यारे खाली ठेवली. इंग्रजांना मात्र कळून चुकले, की आता आरमारही आपले राहिले नाही. पुस्तकांत कप्तानांची नावे सापडतात. पण खालून गोळा उचलून तोफेपर्यंत आणणारा कोण होता, त्याचे गाव कोणते, हे सांगणारे फारसे कोणी नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आरमाराची वाटणी झाली आणि 'बंगाल' भारताकडे राहिले. आधी त्याच्या नावामागे बादशहाचे नाव असे. २६ जानेवारी १९५० नंतर ते भारतीय नौदलाचे जहाज म्हणून 'आय. एन. एस. बंगाल' झाले. जहाज तेच, तोफ तीच, निशाण मात्र आपले. आणखी दहा वर्षे गेली. १९६० साली ते जुने झाले म्हणून मोडीत काढण्यात आले. लोखंड भट्टीत गेले.

सुरुंग काढण्याचे काम मात्र थांबले नाही. पुढे भारताने रशियाकडून, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाकडून, अशी बारा जहाजे घेतली. त्यांतल्या काहींची नावे आपल्या ओळखीची होती, 'रत्नागिरी', 'कोकण', 'कारवार'. त्या बारांतले शेवटचे, 'कोझिकोड', एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाले. नवी बारा जहाजे घेण्याचे ठरले, पण ती बांधायला वर्षे लागतात. आता पाण्याखाली चालणारी लहान यंत्रेही सुरुंग शोधतात. त्यांना माणूस लागत नाही. ती पाण्यात सोडायची आणि वर बसून पडद्यावर पाहायचे. तळावर काही गोल, काळे दिसले, की तो दगड आहे की गोळा, हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते.